बोट लागू नये म्हणून

आईला सगळंच लागायचं. बस, रिक्षा, एकदा तर बागेतला झोपाळासुद्धा. बंगळुरातल्या बंगळुरात, बसवनगुडीतून राजाजीनगरला मावशीकडे जायचं तरी तिच्या मुठीत लिंबू असायचं. म्हणून चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती जेव्हा म्हणाली, "मला एकदा बोटीत बसायचंय," तेव्हा मी इस्त्री बंद करून तिच्यासमोर येऊन बसले.

"समुद्र बघायचाय?"

"समुद्र बघितलाय की ग. पाण्यातनं आपला किनारा कसा दिसतो, ते बघायचंय."

उडुपीजवळच्या मालपेहून समोरच्या सेंट मेरीज बेटावर बोटी जातात, वीसेक मिनिटांत. नोव्हेंबरातला एक शनिवार ठरवला. मी स्वभावाने यादी करणारी. आल्याच्या वड्या, लिंबं, आवळा सुपारी, मारी बिस्किटं, उलटीच्या पिशव्या, सगळं भरलं. गोळ्याही घेतल्या. डॉक्टर म्हणाले होते, "या वयात अर्धीच द्या, फार झोप येते." अर्धीवर माझा विश्वास बसला नाही.

पहाटे पाचला निघालो. हासनच्या अलीकडे इडली खाल्ली. प्रवासात पोट रिकामं ठेवू नये आणि गच्चही भरू नये, म्हणून आईला दोनच आणि कॉफी बंद.

"कॉफी स्वल्प चालंल की," आई म्हणाली.

"नाही चालणार."

"पोलिसात जायला हवी होतीस तू."

सकलेशपूरला, शिराडी घाट सुरू व्हायच्या आत, तिला पूर्ण गोळी दिली. घाटात रस्ता अधूनमधून खोदलेला आहे, तासभर जास्तीचा धरून निघा. घाट उतरेपर्यंत आई झोपली. एकदाही गाडी थांबवावी लागली नाही आणि मला माझंच कौतुक वाटलं.

अडीचला मालपे. तिकीट माणशी चारशेच्या आसपास, रांग मोठी. आई जागी झाली होती, डोळे जड पण खुशीत. तिने केस नीट केले, पदर खोचला. मी दुसरी गोळी पुढे केली.

"सकाळची अजून पोटात आहे ग."

"समुद्राला वेगळी लागते," मी ठणकावून सांगितलं. असं काही नसतं. पण तिने मुकाट्याने घेतली.

"अम्मा, मध्ये बसा, तिथं कमी हलतं," बोटवाला कन्नडमध्ये म्हणाला. ते अगदी खरं. डिझेलच्या धुरापासून लांब बसायचं, फोनमध्ये डोकं घालायचं नाही, नजर दूर, पाणी आणि आकाश मिळतात तिथे ठेवायची. हे सगळं मी आईला समजावत होते, आणि ऐकता ऐकता तिची मान माझ्या खांद्यावर पडली.

बोट सुटली. मी हाका मारल्या, गाल थोपटले. ती "हो, हो" म्हणायची, डोळे किलकिले करायची आणि पुन्हा झोपायची. मी एका हातात पिशवी उघडी धरून सबंध वेळ तिच्या तोंडाकडे बघत होते. बेटावर दोघा जणांनी धरून उतरवलं. तिथेही ती माडाखाली झोपून राहिली, आणि परतीच्या बोटीतही. उलटी मात्र झाली नाही.

धक्क्यावर तिने डोळे उघडले. "आलो परत?" मला रडू फुटलं. तिने माझा हात दाबला आणि विचारलं, "कसा दिसतो ग किनारा?"

मी पाहिलाच नव्हता. "छान," म्हणाले.

"नीट सांग की."

मग मी सांगितलं. आधी माणसं बारीक होतात, मग घरं, मग माड, आणि शेवटी एक हिरवी रेघ उरते. ती डोळे मिटून ऐकत होती.

रात्री तिथेच राहिलो, पण दुसऱ्या सकाळी वारा सुटला होता, बोटी बंद होत्या, आणि सोमवारी माझं ऑफिस. "पुढच्या वर्षी येऊ. अर्धीच गोळी देईन," मी म्हणाले. "सरी, येऊ की," म्हणाली आई. फेब्रुवारीत ती गेली.

तेराव्याला शेजारच्या पद्माक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या हळूच म्हणाल्या, "मी विचारलं होतं तिला, किनारा कसा होता म्हणून. तर म्हणाली, कुठला किनारा, डोळा उघडला की लेकीचं घाबरलेलं तोंडच समोर. पण तुला हे सांगू नको म्हणाली. फार छान सांगितलंस म्हणे तू तिला." मी कॉफी ठेवायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ बाहेर आलेच नाही.

तुम्ही जाणार असाल तर वरचे उपाय कामाचे आहेत, सगळे करा. गोळी डॉक्टर सांगतील तेवढीच, आणि आधी एकदा घरी घेऊन बघा. आईला नेणार असाल तर पिशवी जवळ असू द्या, पण दोघींनी किनाऱ्याकडे बघा. उलटी झाली तर चूळ भरता येते.