खदानीवरचं गवत

आमच्या गावाच्या वर, येलदरीच्या रस्त्याला लागून दगडाची खदान होती. कालव्याच्या कामासाठी तिथून दगड काढला आणि काम संपल्यावर ठेकेदार मुरमाचे ढीग तसेच टाकून निघून गेला. पावसाळ्यात तो मुरूम वाहून खालच्या शेतांत उतरायचा. पुढे सरकारनं ढीग सपाट केले, उतारावर आडवे चर खोदले, झाडं आणि गवत लावायला घेतलं. त्या कामावर देखरेखीला माझी नेमणूक झाली. मी त्याच गावचा म्हणून साहेबांना बरं वाटलं. त्या गावानं आमचं काय केलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं.

नामांतराच्या दंगलीत आमचं घर जाळलं. आम्ही बौद्ध, एवढं कारण पुरलं. भर दुपारी जमाव वस्तीत शिरला. आई शेजारच्या ज्वारीत लपली होती. रॉकेलचा डबा घेऊन पुढं कोण होतं, ते तिनं तिथून पाहिलं. खदानीखालच्या मोठ्या शेताचा मालक. त्याच्याच रानात ती सुगीला राबायची. तिनं फौजदाराला नाव सांगितलं. दुसरं कुणी तोंड उघडलं नाही. थोड्याच दिवसांत मालक पुन्हा पारावर बसून तंबाखू मळायला लागला.

आणि आता त्याचंच शेत वाचवायचं काम माझ्याकडं आलं होतं.

उतारावर मी लोखंडी सळया ठोकल्या होत्या. पाऊस होऊन गेला की सळई किती उघडी पडली ते पाहायचं. तेवढी माती गेली असं धरायचं. पहिल्या पावसाळ्यात ढग दाटले की मला वाटायचं, फुटू दे समदे चर, जाऊ दे मुरूम त्याच्या विहिरीत. पण त्याच्या बांधाला लागून आमच्या वस्तीतल्या दोघांचे तुकडे होते. चर गाळानं भरले की शिव्या देत मी स्वतः फावडं घ्यायचो. आई आणि वस्तीतल्या बाया मारवेल गवताचे ठोंब लावायच्या. हळूहळू सळया उघड्या पडायच्या थांबल्या. सुबाभूळ माणसाच्या वर गेली.

मग एका वर्षी पावसानं दडी मारली. शिवारात कडब्याची काडी न्हाई, अन् खदानीवर मात्र चरांत मुरलेल्या पाण्यावर कमरेएवढं गवत. जनावरं आत सोडायला बंदी होती. ज्याला पाहिजे त्यानं हातानं कापून डोक्यावर न्यावं, असा नियम होता.

मालकानं गडी पाठवला. मी त्याला परत लावून दिलं.

"मालकाला म्हनावं, सोता या."

गड्याला मनाई आहे असं नियमात कुठंच नव्हतं. ती मी घातली. आजही घालीन.

मालकानं काही दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी तो आला, हातात विळा, धोतर खोचलेलं. आई आणि वस्तीतल्या बाया कापणी करत होत्या. त्याला पाहून सगळ्यांचे विळे थांबले. मी बाभळीखाली उभा राहून बघत होतो. त्याला विळा नीट धरता येत नव्हता. बोट कापलं, त्यानं ते तोंडात घातलं आणि पुन्हा वाकला. मला इतकं गोड वाटलं, की ते कधी संपूच नये.

उन्हं वर आली तेव्हा त्याचा भारा बांधून झाला. पण भारा एकट्याला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान फिरवली. बायांकडं पाहिलं. कुणी उठलं नाही. शेवटी तो आईला म्हणाला, "बाई, जरा हात लाव."

आई उठली. विळा खाली ठेवला, पदर खोचला, भाऱ्यापाशी गेली. तिनं हात लावला, पण उचलला नाही.

"लावते की. आदी सांगा, मालक, आमच्या घराला काडी कोनी लावली?"

"लय जुनी गोष्ट हाय ती."

"मला न्हाई जुनी."

तो बायांकडं बघायला लागला. एकीही नजर खाली घालीना. खाली त्याच्या गोठ्यात बैल हंबरत होते, ते आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मी लावली," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला. ह्या समद्या बाया ऐकायल्यात."

"मी लावली म्हनलं ना!"

आईनं भारा उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. तो लटपटत उतार उतरून गेला.

मी आईवर भडकलो. "उचलून काहून दिलास? सडू द्यायचा असता तिथंच!"

"सांगितलं तर हात लावते म्हनले होते. सांगितलं त्यानं." ती पुन्हा कापायला बसली. "माफ केलं असं कोन म्हनलं तुला?"

बाया गावात पोचल्या आणि ती गोष्ट गावभर झाली. कोर्टात त्याचा उपयोग नव्हता, फौजदारही बदलून गेला होता. पण मालक पारावर आला की लोक उठून जायला लागले. भीतीनं की लाजेनं, कुणास ठाऊक. तो पुन्हा गवताला आला नाही. पुढच्याच आठवड्यात त्यानं सगळी जनावरं जिंतूरच्या बाजारात काढली.

मी रजा टाकून बाजारात गेलो. मुद्दाम. चहाच्या टपरीवर त्याला दिसेल असा बसलो आणि शेवटचा बैल दुसऱ्याच्या दाव्याला बांधला जाईपर्यंत उठलो नाही. त्यानं मला दोनदा पाहिलं. मी नजर हलवली नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई भाकरी थापत होती.

"समदे इकले?"

"समदे."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "बैलं लय गुनाची होती," म्हणाली.

मला भूक लागली होती. मी पोटभर जेवलो.