सिंधूबाई आणि उताराच्या तोंडाशी थांबलेला ट्रॅक्टर

जिनं भरलेली ट्रॉली उताराच्या तोंडाशी थांबवून सगळ्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या, ती सिंधूबाई गेली.

आज वर्ष झालं.

माझं एटापल्लीत ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तिथं स्वतः ट्रॅक्टर चालवत आलेली पहिली बाई म्हणजे सिंधूबाई. आतल्या गावच्या. धानाची शेती, आणि एक मिनी ट्रॅक्टर. नवरा बाबुराव बैलवाला माणूस, त्याला मशीनचा कंटाळा. म्हणून ह्याच शिकल्या.

खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "रफीकभाऊ, स्टेरिंग आयकत नाई. वळवलं का उशिरा वळते."

मी त्यांना सीटवरच बसवलं. म्हटलं, हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवत राहा. मी खाली झोपलो आणि एकेक जॉइंट हाताने धरून पाहिला.

एक सापडला. आतून झिजलेला. स्टेअरिंग फिरलं की आधी हा टक् करून हलायचा, मग चाक वळायचं.

"मले दाखवा."

पदर खोचला आणि सरळ माझ्या बाजूला पोत्यावर आडव्या झाल्या. गॅरेजमधले गिऱ्हाईक बघतच राहिले.

"हे तं हालून राह्यलं. याले हालाचं असते का?"

"फिरायचं असते बाई. हालायचं नसते."

एवढंच शिकवलं मी त्या दिवशी. बाकीचं त्यांनी विचारून विचारून काढून घेतलं.

मग फोन सुरू झाले.

"भाऊ, स्टेरिंग जड झालं होतं. पुढच्या टायरची हवा पाहली, कमी होती. भरली. ग्रीस मारलं. आता हलकं चालते."

"मग फोन कशाला केला बाई?"

"सांगाले."

मला फार मजा वाटायची त्या फोनची. दुरुस्तीसाठी सगळेच फोन करतात. दुरुस्त झालं हे सांगायला त्यांचाच यायचा.

आता त्या उताराचं सांगतो.

रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं लावायचे दिवस. ट्रॉलीत गावच्या बायका. रस्ता पुढे नाल्यावर उतरतो, चांगला खडा उतार, एका बाजूला खोल पाणी.

उताराच्या आधी सिंधूबाईंच्या हाताला काहीतरी वेगळं लागलं. स्टेअरिंग बरंच फिरलं, चाक मात्र तसंच.

ब्रेक दाबला. "सगळ्या उतरा."

गिरजाबाई म्हणून एक म्हातारी होती, जिभेची तिखट. "अवो, रोवणा राह्यला तिकडं! आत्ताच काऊन तुले नखरे सुचले?"

बाकीच्यांनीही तोंडसुख घेतलं. ऊन वर चढत होतं, रोपं सुकत होती.

सिंधूबाईंनी त्याच गिरजाबाईला सीटवर बसवलं. "फिरव स्टेरिंग. इकडं-तिकडं." आणि स्वतः खाली वाकल्या.

मग रेंजसाठी बांधावर चढून मला फोन. "भाऊ, फिरवलं का रॉड उचलते, पन टायर जागचा हालत नाई. लांब रॉडचा पुढचा जॉइंट."

मी तसाच नवा जॉइंट पिशवीत टाकला, पाने-हातोडा घेतला आणि मोटरसायकल काढली.

पोचलो तेव्हा बायका मोहाच्या झाडाखाली शिदोरी सोडून बसल्या होत्या. माझ्याशी कोणी बोललं नाही. माझ्यावरही राग!

जुना जॉइंट काढण्याआधी तो रॉडमध्ये किती आत आहे याची खूण हवी. नवा तेवढाच बसवला नाही, तर स्टेअरिंग तिरकं राहतं. माझ्याकडे खडू नव्हता.

सिंधूबाईंनी रॉड पदराने पुसला, कपाळावरची टिकली काढली आणि त्या जागेवर चिकटवली.

"अवो माय! टिकली काऊन काढली?" गिरजाबाई ओरडली.

"नवरा धडधाकट हाये माह्या. रॉड सरळ बसला पायजे."

तेवढ्यावर सगळा मोहाखालचा घोळका हसायला लागला. राग तिथेच संपला.

नट मी सोडला. हातोडा त्यांनी मारला. जॉइंट निघाला, आणि वाटीत घट्ट बसलेली असायला हवी ती त्याची लोखंडी गोळी सुटून सरळ माझ्या हातात आली.

कोणी हसलं नाही मग.

गिरजाबाईने ती गोळी हातात घेऊन पाहिली, उताराकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. तिची सून आणि दोन्ही पोरी त्याच ट्रॉलीत होत्या.

मग तिने आपल्या शिदोरीतली भाकर सिंधूबाईंच्या हातावर ठेवली, फक्त.

नवा जॉइंट बसला. नट कसला, त्यात पिन घालून टोकं वाकवली. सिंधूबाई आधी रिकामा ट्रॅक्टर घेऊन नाल्यापर्यंत गेल्या आणि वर आल्या. मग म्हणाल्या, "बसा."

त्या दिवसापासून गावच्या बायका ट्रॉलीत पाय ठेवण्याआधी विचारायच्या, "खालून पाहलं का?" पाहिलं म्हटल्याशिवाय कोणी चढत नव्हतं.

मागच्या वर्षी धान घरात आलं आणि काही दिवसांनी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. गडचिरोलीला नेत होते. वाटेतच गेल्या.

बाबुरावचा फोन आला. "भाऊ, तुमची बाई गेली."

ट्रॅक्टर आता पुतण्या चालवतो. बरा चालवतो.

पण बिघाड सांगतो आणि फोन ठेवून देतो. नीट झालं की नाही, मला कळतच नाही.

आज गावात त्यांच्या वर्षश्राद्धाचं जेवण होतं. पानावरून उठलो तेव्हा गिरजाबाई दारात बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. माझा आवाज ओळखला.

म्हणाली, "तुह्या आवाज आला का अजून वाटते बाबू, सिंधू आता हात पुसत बाहेर येईन."

मी तिच्याजवळ बसून राहिलो.

सिंधूबाई, आमची सगळी माणसं तुम्ही सुखरूप पोचवली. तुम्हीही सुखरूप असा.

अखेरचा सलाम.

— तुमचा रफीकभाऊ