गळतंय म्हंजे चालू हाय

खुर्चीत बसायच्या आधी ते आमच्या डोळ्यातलं प्रेशर मोजायच्या यंत्रावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान देऊन ऐकायचे आणि मग म्हणायचे, "ह्यो गेज बरोबर दावतोय न्हवं? न्हायतर उगंच माझ्या डोळ्याला नावं ठेवशीला."

मी कोल्हापुरात एका डोळ्यांच्या दवाखान्यात वीस वर्षं हेच काम केलं. हनुवटी टेका, कपाळ लावा, पापणी मिटू नका. दिवसभर तेच. एकदा घरी नवऱ्याला जेवायला वाढताना मी 'हनुवटी टेका' म्हटलं, इतका तो वैताग अंगात मुरला होता. तुम्हीही कुठल्या खिडकीमागं, काउंटरमागं बसला असाल तर सांगायला नको. माणसं येतात-जातात, चेहरे राहत नाहीत. ह्यांचा राहिला.

उचगावात त्यांचं शेतीपंप दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा कधी नेला हे त्यांना कळलंच नव्हतं. एकदा डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो मिटला, तर समोर सगळा काळोख. "लाईट गेली म्हनून बायकोवर वरडलो," ते सांगायचे. "ती म्हनली, अवो, पंखा फिरतोय की!" स्वतःच खो खो हसायचे. आपण हसावं की नाही तेच समजायचं नाही.

म्हणजे उरला एकच डोळा. त्यात थेंब घालून झाले, एक ऑपरेशन झालं, पण त्यात डोळ्यातल्या पाण्याला काढून दिलेली वाट वर्षभरात बुजली. मग पुण्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या सरांनी नळी बसवायचं ठरवलं. डोळ्यातलं जादा पाणी वरच्या पापणीआड बसवलेल्या चकतीकडं नेणारी, शेवयीहून बारीक नळी. हे पेशंटला समजावताना आमची दमछाक व्हायची. मामांना दोन वाक्यांत समजलं.

"म्हंजे पानी आतल्या आत मुरवायचं. वॉल्व्ह हाय त्येला? हाय? मग मला कशाला भ्या दावताय?"

महिनाभर प्रेशर छान उतरलं, दुसऱ्या महिन्यात पुन्हा चढलं. चकतीभोवती जाड पापुद्रा धरतो, बऱ्याच जणांना होतं. "गाळ धरला म्हना की," मामा म्हणाले. "खोला, धुवा, परत बसवा. आमी हिरीतल्या फुटवॉल्व्हचं तसंच करतो." सरांनासुद्धा हसू आलं. त्यांनी थेंब पुन्हा चालू केले आणि प्रेशर जागेवर आलं.

पुढची तीन वर्षं बरी गेली. मामा तपासणीला आले की बाकावर त्यांची शाळा भरायची. वडगावची एक म्हातारी, ऑपरेशन होऊनही दिसत का नाही म्हणून माझ्याशी भांडत होती. मी वैतागून तिला मामांच्या शेजारी बसवलं. "आज्जे, मोतीबिंदू न्हवं ह्यो," ते म्हणाले. "गेल्यालं पानी परत येत न्हाय. हाय तेवढं राखायचं." म्हातारी मग त्यांनाच प्रश्न विचारत बसली. मला दहा मिनिटं मिळाली.

त्यांचं एक लाडकं तत्त्व होतं. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती दोरी भरून ती आवळतात, तिला ते ग्लँड म्हणायचे. ती थेंब थेंब गळलीच पाहिजे. पार बंद केली तर दांडा तापून जळतो. पंप गळतोय म्हणून कुणी तक्रार घेऊन आलं की मामा त्याला वाटेला लावायचे, "गळतंय म्हंजे चालू हाय. घरला जावा."

एका सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. बाहेर तोबा गर्दी, माझं डोकं उठलेलं. "बाई, डोळ्यातनं जरा पानी येतंय. गळतंय म्हंजे चालूच हाय न्हवं?"

नळी बसवलेल्या प्रत्येकाला आम्ही एक कागद द्यायचो. पाणी, लाली, चिकटा, काहीही दिसलं तर त्याच दिवशी या. तो कागद पेशंटला मीच वाचून दाखवायचे. आणि मी म्हटलं, "चालतंय हो मामा. शनिवारी सर येणार आहेत, तेव्हा या."

शुक्रवारी बायकोनं त्यांना धरून आणलं. डोळा लालभडक, पापणी सुजलेली, आत पू. नळीवरचा पातळ पडदा झिजून नळी उघडी पडली होती आणि तिथून जंतू आत शिरले होते. सर तातडीनं आले. नळी काढली, डोळ्यात इंजेक्शनं दिली. उजेड आणि अंधार, एवढंच काय ते कळायचं राहिलं.

पट्टी बदलायच्या दिवशी सर त्यांच्यावर चिडले. "पाणी येत होतं तर फोन का नाही केला? एक फोन करता येत नाही?"

मी केसपेपर धरून शेजारीच उभी होते. मामांनी मान माझ्या बाजूला वळवली.

"ऱ्हाऊन गेलं, डॉक्टर."

"अवो, तुमी तर सोमवारी..." बायको बोलायला लागली. त्यांनी तिचा हात दाबला. मी केसपेपर सरांपुढं केला.

बाहेर पॅसेजमध्ये मी त्यांना गाठलं. "मामा, का नाही सांगितलं?"

"सांगून डोळा येनार हाय का? मी बी इच्यारलं ते पंपाचंच इच्यारलं की." मग म्हणाले, "लई दमलाय बाई तुमी. आवाजावरनं कळतंय."

बायकोचा खांदा धरून ते पायऱ्या उतरले. मी बाथरूमला कडी लावून रडले आणि तोंड धुऊन पुढचा पेशंट घेतला.

जखम भरल्यावर ते यायचे बंद झाले. तपासण्यासारखं उरलं तरी काय होतं? उचगावला जाऊन यायचं मी कितीदा ठरवलं. नाही गेले. दोन वर्षांनी तिकडचाच एक माणूस प्रेशर दाखवायला आला. त्याच्याकडून कळलं, मामा वारले.

"त्येंनीच सांगितलंतं मला," तो म्हणाला. "त्या बाईंकडंच जा, लई जपून बघत्यात."

सर आता निवृत्त झाले. त्या फोनचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.