अकराचा क्रिस्टल

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण सांगितलं असतं तर खाल्लेली भजी परत करावी लागली असती.

भवानी पेठेत आमच्या घरामागे चादरींचा कारखाना आहे. तिथले यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर म्हणजे सगळ्यांचे मामा. माग मिनिटाला किती ठोके मारतो, हे ते डोळे मिटून नुसत्या कानानं सांगत. मी पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोकंट्रोलर शिकवून निवृत्त झालेला. मला ते बघवेना.

मी एक डबा बनवला. मागाच्या चाकाला लोहचुंबक चिकटवलं, शेजारी सेन्सर. चाकाचा एक फेरा म्हणजे एक ठोका. दोन ठोक्यांमधला वेळ डब्यातला टायमर मोजणार आणि मिनिटाचे ठोके पडद्यावर दाखवणार. पैज लागली : हरेल त्यानं सगळ्यांना भजी खिलवायची.

मामांनी डोळे मिटले. "एकशे चाळीस. लिवून घ्या, सर."

डबा म्हणाला, एकशे बावन्न.

"मामा, कान धुवून या की!" कामगार ओरडले. भजी मामांनीच आणली. मी चार जास्त खाल्ली.

त्यानंतर मामा कानाला विचारेनासे झाले. कुणी वेग विचारला की म्हणत, "सरांचा डबा आणा. माजं काय खरं न्हाय."

दोन महिन्यांनी मी डबा उघडला. ज्याच्या तालावर टायमर वेळ मोजतो, तो क्रिस्टल बारा मेगाहर्ट्झचा हवा होता. मी ड्रॉवरमधला अकराचा लावला होता. टायमर सावकाश मोजत होता; दोन ठोक्यांमधला वेळ कमी भरत होता, म्हणून मिनिटाचे ठोके जास्त दिसत होते. विद्यार्थ्यांनी ही चूक केली की मी त्यांना वर्गाबाहेर काढत असे.

गुपचूप क्रिस्टल बदलला आणि कारखान्यात गेलो. मामांना आग्रहानं डोळे मिटायला लावले.

"चाळीस वाटतंय," ते चाचरत म्हणाले. "एकशे चाळीस. पण ऱ्हाऊ द्या."

डब्यावरही एकशे चाळीस. टाळ्या पडल्या. तेव्हाच खरं सांगून टाकायचं सोडून मी काय म्हणालो? "बघा मामा, डब्याच्या संगतीनं तुमचा कान सुधारला!"

मामांनी माझे दोन्ही हात धरले.

ते आजारी पडले, तेव्हा सांगायचंच ठरवून गेलो. तोंड उघडण्याआधीच ते सुनेला म्हणाले, "ह्येच ते सर. ह्यांनीच माजा कान सरळ केला. च्या ठेव." मी चहा प्यायलो आणि उठलो. पंधरा दिवसांत मामा गेले.

मामा, तुमचा कान पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चूक माझी होती. मला माफ करा.