अर्ध्या सुरानं खाली

चूक माझी होती. हे वाक्य मनात पहिल्यांदा जुळवलं तेव्हा मी पंचविशीत होतो. ते मोठ्यानं म्हणायला पस्तिशी उजाडावी लागली.

ज्या बाईंबद्दल लिहितो आहे त्यांचं नाव सांगत नाही. मी त्यांना 'बाई'च म्हणायचो. आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला असं म्हणतात, हे कळल्यावर त्यांना तो शब्द आवडला होता. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी इंजिनिअरिंगच्या संशोधनासाठी जर्मनीतल्या कार्ल्सरूहेला गेलो आणि त्यांच्या घरातली पोटमाळ्यावरची खोली मला मिळाली. पहिल्याच सकाळी फळ्यांखालून व्हायोलिनची एक ओळ ऐकू आली. थांबली. मग बाईंचा आवाज, स्वतःलाच उद्देशून: "आल्झो, नोख आइनमाल." बरं, पुन्हा एकदा. मी दाढी केली, कपडे चढवले, पाव खाल्ला. ओळ तीच चालू होती.

माझा सांगलीचा मित्र जोशी रविवारी यायचा. जिन्यातच ओरडायचा, "अरे, तुझ्या बाईंना दुसरी ओळ येत नाही का?"

बाईंनी एकदा मला विचारलंच, "काय म्हणतात तुमचे मित्र?" मी जमेल तेवढं गोड करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, पहिली आली की दुसरी घेणार आहे."

बाई पूर्वी थिएटरच्या ऑर्केस्ट्रात होत्या. ती कायमची नोकरी सोडून त्यांनी एकच ध्यास घेतला होता: अडीचशे वर्षांपूर्वीचं संगीत तेव्हा वाजवत तसंच वाजवायचं. पोलादी तारांऐवजी मेंढीच्या आतड्याच्या तारा, आखूड, बाहेरच्या बाजूला वाकलेला गज, हनुवटीला टेकू नाही. हवा दमट झाली की तारा तुटत. तुटलेल्या तुकड्यांनी त्या मागच्या अंगणातली टोमॅटोची रोपं बांधायच्या. ऑर्केस्ट्रातला एक जुना सहकारी रस्त्यात भेटला आणि हसून म्हणाला, "अजून आतडीच ओढता आहात?" "हो," बाई म्हणाल्या, "तुमच्या पोलादाला गंज चढेपर्यंत." आणि सायकलला पाय मारून निघून गेल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हट्टी म्हणतो आणि बाजूला होतो. मी बाजूला झालो नाही, मदतीला गेलो. तिथेच घात झाला.

एका रेडिओ केंद्रानं जुन्या संगीताच्या मैफलींची मालिका ठरवली होती. त्यासाठी ध्वनिफीत पाठवायची होती. आमच्या संस्थेतलं यंत्र मी मागून आणलं. बाई मला 'हेर इंजिनिअर', म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणायच्या. त्या म्हणाल्या, "हेर इंजिनिअर, ऑर्केस्ट्रात मला आता कोणी परत घेणार नाही. हे जमलंच पाहिजे." त्या एकट्याच वाजवणार होत्या, साथीला कोणी नव्हतं. शेवटचा सूर विरला तेव्हा मी 'पुन्हा एकदा'ची वाट पाहत होतो. त्या म्हणाल्या, "पुरे. हेच." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सहज नादकाटा, ठरावीक सूर देणारा पोलादी चिमटा, वाजवून फितीशी ताडून पाहिलं. व्हायोलिन तब्बल अर्ध्या सुरानं खाली! मला वाटलं, काल मुद्रण करताना यंत्र जलद चाललं, म्हणून आता सूर खाली येतो आहे. बाई शिकवण्यासाठी बाहेरगावी गेलेल्या, आणि फीत त्याच दिवशी टपालात पडायला हवी होती. मी यंत्राची गती थोडी वाढवली, सूर काट्याशी बरोबर जुळवला, नवी फीत तयार केली आणि पाठवून दिली. बाईंना एवढंच म्हटलं, "पाठवली." केलेल्या उपकाराची जाहिरात कशाला करायची! मूळ फीत संस्थेची होती, ती पुसून दुसऱ्या कामाला लागली.

उत्तर आलं. बाईंनी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचून दाखवलं: हात तयार आहे, परंतु वाजवणं घाईचं आणि आवाज चिरका, निवड करता येत नाही.

"घाईचं?" त्या स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या. दुसऱ्या सकाळपासून ताल मोजणारं यंत्र टिकटिक करू लागलं. तीच ओळ, पण आता हळू. आणखी हळू.

वसंतात एका चर्चमध्ये त्यांचा छोटा कार्यक्रम होता. वाजवण्याआधी त्या श्रोत्यांना म्हणाल्या, "थोडं खालचं वाटेल. त्या काळचा सूर आजच्यापेक्षा अर्ध्या सुरानं खाली असे. आम्ही तोच लावतो."

मी तिसऱ्या रांगेत होतो. म्हणजे यंत्र बरोबरच होतं; गती वाढवून बाईंचं वाजवणं घाईचं आणि चिरकं मीच केलं होतं.

माझी आई काळी चारच्या पट्टीत गायची, मामा काळी एकच्या. मामा गायला बसले की तंबोरा उतरवायचा, हे मला अक्षरं गिरवण्याआधी ठाऊक होतं. ज्याचा षड्ज त्याचा. पण जर्मनीत पाऊल ठेवल्यापासून वाटू लागलं होतं की इथे सगळं मोजून ठरलेलं असतं. यंत्रावर संशय घेतला, बाईंना विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी रेडिओला पत्र लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. त्यांच्या नजरेतून उतरेन, या भीतीनं उद्यावर ढकललं. पुढे डॉक्टरेट मिळाली, दूर एर्लांगेन शहरात नोकरी लागली, आणि तो उद्या नऊ वर्षं लांबला.

बाई मात्र थांबल्या नाहीत. व्हायोलिन पाठीला बांधून सायकलवरून गावोगावच्या चर्चमध्ये वाजवत राहिल्या. एकदा सात श्रोते होते, त्यांतले दोघे बर्फ चुकवायला आत आलेले. तरी कार्यक्रम पूर्ण केला. मग हळूहळू हॉलंडहून बोलावणं आलं, एक रेकॉर्ड निघाली, संगीत विद्यालयात शिकवायला घेतलं.

गेल्या वर्षी कार्ल्सरूहेला त्यांचा रविवार सकाळचा कार्यक्रम ऐकायला गेलो. नंतर त्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात बोलत होत्या: "मला घाईची वाईट खोड होती. एका पत्रानं ती दाखवून दिली. अजून रोज सकाळी मी ती काढत असते. तुम्हीही स्वतःवर विश्वास ठेवू नका, हळू वाजवा."

माझं खोटं आता त्या पोरांच्या हातांत उतरत होतं. गर्दी पांगेपर्यंत मी उभा राहिलो.

"हेर इंजिनिअर! केस कुठे गेले सगळे?"

मी सगळं सांगितलं. नादकाटा, गती, फीत, पत्र. बाईंनी व्हायोलिनची पेटी खुर्चीवर ठेवली. मग विचारलं, "म्हणजे मी घाई करत नव्हते?"

"नाही, बाई."

त्या खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा कठोर होता. मी माफीचं वाक्य सुरू केलं, तर हात वर करून थांबवलं. "मला एकटीला सांगून काय उपयोग? स्वतःवर अविश्वास ठेवून हळू वाजवायची खोड मी माझ्या विद्यार्थ्यांना लावली आहे. उद्या दहाला वर्ग आहे. या."

मी रजा वाढवली आणि दहाला गेलो. बाई मागच्या बाकावर, विद्यार्थ्यांच्या शेजारी बसल्या, हात मांडीवर ठेवून. अकरा तरुण चेहरे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "तुमच्या बाईंनी कधीच घाई केली नव्हती. घाई मी केली, आणि नऊ वर्षं गप्प राहिलो. बाई, मला माफ करा."