गाड्याची उंची

आज दुपारी रस्त्यापलीकडून पाहिलं, माझी बायको सुमन आमच्या गाड्यावर टाचा उचलून वडे तळत होती. हा गाडा मी स्वतः बांधला. इथं सुरतेत ओळखीचं कोणी नव्हतं, तरी एका वेल्डरकाकांनी आपलं मशीन वापरू दिलं. ते उपकार फिटायचे नाहीत. गाडा उलटेल का, कोणी उचलून नेईल का, सगळी काळजी केली. उंची मात्र माझ्याच कोपराएवढी धरली.

गावी वडील सुतार. स्वयंपाकाचा ओटा करायचा तर आधी त्या घरातल्या बाईला उभं करून तिच्या कोपराचं माप घेत. मी सातवीतच शाळा सोडून पळालो, वडिलांकडूनही काही शिकलो नाही. आपण आपल्या मापानं बांधत जातो आणि आपल्या माणसाला त्यात उभं करतो.

"दोन वर्षं बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही येईल-जाईल त्याला गाडा दाखवत होता. त्यात माझं रडगाणं कुठं!"

संध्याकाळी शेगडी ठेवायचा पत्रा खाली घ्यायला बसलो तर पोटरी चोळत म्हणाली, "राहू द्या हो, सवय झाली आता."

मी तिला सरळ उभं केलं. लग्नाला नऊ वर्षं झाली. तिचं माप मी आज पहिल्यांदा घेतलं.