भाकर मामाची, देव बापाचे

आमच्या यायचं, म्हंजे माह्या नवऱ्याचं नाव गुणवंतराव. चामोर्शीत कपडे शिवतात अन् वडसाच्या एका कंपनीसाठी नाटकं लिवतात. आजवर सासू-सून, दारुडा नवरा, पळून गेलेली पोरगी, हेच लिवलं. पण यायच्या मनात एकच खाज. जुन्या गोंड राज्यातली प्रेमकथा लिवाची, अन् ते पाहून लोकायनं म्हणावं, हे खरंच झालं असन.

त्या नाटकापाई माहा जीव खाल्ला बाप्पा! शिपायाच्या हातातलं घड्याळ काढाले लावलं, ते ठीक. पण जेवणाच्या शिनमधून मिरचीही काढली. म्हणे, "त्या काळी इथी मिरची नव्हती." मी म्हटलं, "अन् तुमच्यासारखे किरकिरे नवरे होते का?" हसले नाई.

कंपनीच्या मालकानं साफ सांगतलं होतं, "पहिला खेळ पडला, त आपली सासू-सूनच बरी. राजा-बिजा पुन्हा काढाचा नाई."

तो पहिला खेळ लागला एटापल्लीकडच्या एका गावात, मंडईच्या जत्रेले. मी कपडेपट सांभाळते, म्हणून मीही गेली. दुपारी मंडपात तालीम चालू होती अन् गावच्या बाया पाहाले बसल्या होत्या. हिरो म्हणाला, "मले माह्या सहा देवांची आण, तुलेच बायको करीन." आमची हिरोईन करिश्मा लाजून म्हणाली, "मलेही माह्या सहा देवांची आण."

बाया अशा हसल्या का विचारू नका. एक म्हातारी त उठलीच. "अवं माय, दोघंही सहा देवांचे? मंग हे बहीण-भाऊ झाले! बहीण-भावाचं लगन लावता काऊन जी? आमचे माणसं पडदा पाडतीन!"

गोंडायमंदी कोणी चार देवांचे, कोणी सहा, कोणी सात. देव सारखे ते भावबंद, त्यायच्यात सोयरीक होत नाई. आमी बौद्ध, आमच्या घरी देवच नाईत त मोजाचे कुठून? यायले एकच आकडा माहीत, आमच्या पेटीवाल्या सुकलूभाऊचा. तोच दोघायले लावून मोकळे! मी सुकलूभाऊवरच चवताळली. "भाऊ, इतक्या तालमी झाल्या, तुमी गोंड असून तुमच्या ध्यानात आलं नाई?" तो म्हणे, "वहिनी, मी गाण्याची वाट पायतो. डायलॉग कोण ऐकते?"

"तिचे सात करून टाका न जी," मी यायले म्हटलं. पण ते जमत नव्हतं. हिरोईन दाखवली पाटलाची पोरगी, अन् पाटलाच्या सहा देवांच्या पूजेचा मोठा शिन बसवलेला, त्याचा पडदाही रंगवलेला. हे मंडपाच्या बल्लीले टेकून बसले. तोंड पार उतरलं. माहा राग कुठीच्या कुठी पळाला. वाटलं, आता हा माणूस जन्मभर सासू-सूनच लिवन.

मी चहा घेऊन गेली. हे एकदम म्हणाले, "सुगंधा, मी कोणाच्या घरी वाढलो?"

"मामाच्या. साऱ्या गावाले माहीत आहे."

"अन् नाव कोणाचं लावतो?"

"बापाचं. मामाचं कसं लावान?"

बाप लहानपणीच गेला, तवा मामानं यायले वाढवलं. अजूनही कोणी "मामाच्या घरचा" म्हटलं, का यायचं तोंड एवढंसं होते. आज मात्र चहा तसाच ठेवून सुकलूभाऊकडे धावले. "भाऊ, पोरगी मामाकडे वाढली, त देव कोणाचे?"

"बापाचेच. मामाचे कसे होतीन?"

रात्री पडदा उघडला. पाटलाच्या पूजेत सहा देव पाहून हिरोनं करिश्माचा हात सोडला. समोर बसलेली दुपारचीच म्हातारी कपाळाले आठ्या घालून पाहून राह्यली होती. तेवढ्यात पाटील पुढे आला. "थांब! हे माही पोरगी नाई, भाची आहे." अन् करिश्मा ताठ मानेनं बोलली, "भाकर मामाची खाल्ली, पण देव माह्या बापाचे. ते सात आहेत!"

म्हातारी उभीच राह्यली. "मंग वाट कायची पायता? लावा लगन!" अन् अशा टाळ्या पडल्या, का सुकलूभाऊची पेटी ऐकू येईना. हुश्श! माह्या छातीवरचा धोंडा उतरला.

पाहते त हे विंगेत माह्या पदरानं डोळे पुसून राह्यले. मी म्हटलं, "आता काऊन रडता जी? पडदा त उभा आहे."

म्हणाले, "मामाच्या घरचा आहो म्हणून वाचलो, सुगंधा."